रिकामी चौकट म्हणजे स्वच्छ हवा नव्हे

आपल्या देशातील प्रत्येक मंत्रालयाला, मंडळाला आणि महानगरपालिकेला आज एक डॅशबोर्ड हवा असतो. गडद निळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात गोल फिरणारे आकडे, मध्यभागी भारताचा रंगीत नकाशा. उद्घाटनाला फीत कापली जाते, निविदेत लिहिल्याप्रमाणे तक्ते आणि आलेख मोजून घेतले जातात, आणि त्यानंतर त्या पडद्यामागे काय चालले आहे हे विचारणारा कोणी उरत नाही. पदार्थविज्ञानात जिची हयात मोजमापांवर शंका घेण्यात चालली आहे अशी एक संशोधक म्हणून मला हे बोलणे भाग आहे: राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये ज्या आकड्यांवर आपण तावातावाने भांडतो, त्यांतील बरेचसे आकडे प्रयोगशाळेच्या वहीत लिहून आणले असते तर कोणत्याही मार्गदर्शकाने ते परत केले असते.

उदाहरण हवेचेच घेऊ, कारण ते सर्वांच्या फुप्फुसांत शिरते. राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक ६ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाला. आठ प्रदूषके, सहा रंग, शून्य ते पाचशे अशी पट्टी. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढायचा आणि त्यांतील सर्वांत मोठा तो त्या केंद्राचा निर्देशांक. किमान तीन प्रदूषकांची मोजणी हवी, त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० यांपैकी एक हवेच, आणि चोवीस तासांपैकी किमान सोळा तासांची माहिती हवी. हे नियम समंजस आहेत, आणि ते बनवणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती हे नियम पडद्यावर पोहोचेपर्यंत त्यांचे जे होते त्याविषयी.

शहराचा आकडा कसा तयार होतो, पाहा. त्या त्या वेळी माहिती देणाऱ्या केंद्रांच्या निर्देशांकांची सरासरी घेतली जाते. कल्पना करा, एका शहरात तीनच केंद्रे आहेत आणि त्यांचे निर्देशांक ४९०, ४३० आणि ३१० आहेत. सरासरी ४१०, म्हणजे ‘गंभीर’. आता पहिल्या केंद्राची वीज गेली, किंवा त्याची गाळणी-पट्टी संपली. उरलेल्या दोघांची सरासरी ३७०, म्हणजे ‘अतिशय वाईट’. हवेत एक कणही कमी झालेला नाही. शहराचा रंग मात्र एका पायरीने सौम्य झाला. दिल्लीत हा रंगाचा प्रश्न राहत नाही. तेथील टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्यात ४०० ओलांडले की तिसरा टप्पा आणि ४५० ओलांडले की चौथा. बांधकामे थांबवायची की नाही, कोणती वाहने रस्त्यावर येऊ द्यायची, शाळांचे वर्ग कसे भरवायचे, हे सारे त्या एका सरासरीला बांधलेले आहे.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील दुखणे काल्पनिक नाही. २०२५ च्या दिवाळीनंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायमित्रांनी वृत्तपत्रांच्या हवाल्याने सांगितले की दिल्लीतील ३७ केंद्रांपैकी अवघी नऊ त्या दिवशी सलग चालू होती. बाकीची का बंद पडली, याची अनेक स्पष्टीकरणे असू शकतात आणि त्यांतील काही अगदी निरुपद्रवी असतील. पण मला खटकते ते वेगळे. ही बातमी डॅशबोर्डने आपणहून द्यायला हवी होती. ‘३७ पैकी ९’ हे तीन शब्द शहराच्या आकड्याखाली त्याच ठळक टाइपात झळकले असते, तर न्यायालयाला वर्तमानपत्रावर विसंबावे लागले नसते.

आता यंत्राकडे वळू. आपल्याकडील अनेक स्वयंचलित केंद्रांमध्ये हवा एका कागदी पट्टीतून ओढली जाते, पट्टीवर कण साचतात आणि त्यांतून बीटा किरण किती आरपार जातात यावरून कणांचे वस्तुमान ठरते. सुंदर, मजबूत पद्धत आहे. पण प्रत्येक यंत्राला मर्यादा असते. यांपैकी पुष्कळ यंत्रांची वरची मर्यादा दर घनमीटर हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास लावलेली असते. फटाक्यांच्या रात्री आलेख चढत जातो आणि हजाराच्या अलीकडे येऊन टेबलासारखा सपाट होतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते पाहून ‘संपृक्तता’ असे म्हणेल. डॅशबोर्ड ते मूल्य मोजमाप म्हणून स्वीकारतो, सरासरीत टाकतो आणि पुढे जातो. त्यानंतर निर्देशांकाची स्वतःची मर्यादा येते, पाचशे. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा अधिकृत निर्देशांक ४९४ होता आणि त्याच दिवशी काही खासगी संकेतस्थळांवर हजाराच्या वरचे आकडे फिरत होते. समाजमाध्यमांवर दोन तट पडले: सरकार खोटे बोलते म्हणणारे आणि परदेशी कंपन्या बदनामी करतात म्हणणारे. दोन्ही तटांनी पट्ट्या वेगवेगळ्या आहेत आणि एक पट्टी पाचशेला संपते, ही साधी गोष्ट पाहिली नाही. एक जण इंचात आणि दुसरा सेंटिमीटरमध्ये मोजून एकमेकांना लबाड म्हणत होते. दोष मी वाचकांना देत नाही. मूळ संहती, म्हणजे मायक्रोग्रॅमचा आकडा, निर्देशांकाच्या शेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत छापला असता तर हे भांडण पाच मिनिटांत मिटले असते.

येथे एक कबुली देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका शहराच्या हवेचा डॅशबोर्ड मी स्वतः बांधला होता. त्यात प्रदूषणाचे एक शिखर पहाटे तीनच्या सुमारास दिसे. मला त्याचे कारणही लगेच सापडले: अवजड ट्रकना शहरात रात्रीच प्रवेश असतो. एका बैठकीत मी ते मोठ्या आत्मविश्वासाने मांडलेही, आणि माना डोलल्या. आठवड्याभराने एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने संकोचून विचारले, “मॅडम, दुपारी चारला हवा इतकी वाईट कशी? तेव्हा तर मिश्रणथर सर्वांत उंच असायला हवा ना?” त्याचे म्हणणे बरोबर होते. ऊन तापले की जमिनीलगतची हवा वर उचलली जाते, धूर मोठ्या आकारमानात पसरतो आणि दुपारी संहती घटते. माझ्या आलेखात ती दुपारी चढत होती. कारण शोधायला दहा मिनिटे लागली. माहिती जागतिक प्रमाणवेळेत साठवली जात होती आणि पडद्यावर ती भारतीय वेळ म्हणून दाखवली जात होती. साडेपाच तासांचा फरक. पहाटेचे शिखर म्हणजे सकाळी साडेआठची वाहतूक, आणि दुपारचे शिखर म्हणजे रात्री साडेनऊची थंड, बसलेली हवा. ट्रक बिचारे निर्दोष होते.

त्या चुकीतून मला जे शिकायला मिळाले ते वेळेपुरते नव्हते. चुकीच्या आलेखालाही पटण्याजोगे स्पष्टीकरण नेहमी हाताशी असते, आणि आलेख जितका देखणा तितके ते स्पष्टीकरण लवकर सुचते.

पॉवर बीआय, टॅब्लो, सुपरसेट ही साधने वाईट नाहीत; मी त्यांतील दोन रोज वापरते. पण ती दुकानांच्या विक्रीचा हिशेब ठेवायला घडवली गेली आहेत आणि त्यांच्या सवयी त्या जगातून आल्या आहेत. सरासरी काढताना रिकामी नोंद बिनबोभाट वगळली जाते. काही सूत्रांत तीच रिकामी नोंद बेरजेत शून्य होऊन बसते. दोन बिंदूंमध्ये माहिती नसेल तर अनेकदा रेषा सरळ जोडली जाते, जणू त्या सहा तासांत हवा शिस्तीने वागत होती. दोन तक्ते नावावरून जोडले आणि नावे जुळली नाहीत, तर ती ओळ गायब होते आणि कोणताही लाल दिवा लागत नाही. आपल्या देशात नावावरून जोडणी करणे म्हणजे विस्तवाशी खेळ आहे. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्ये आहे. महाराष्ट्रातलाही होता, २०२३ मध्ये तो छत्रपती संभाजीनगर झाला. हमीरपूर उत्तर प्रदेशात आहे आणि हिमाचलातही. पालघर १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाण्यात होते. यासाठी केंद्र सरकारने स्थानिक स्वराज्य निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला आणि गावाला संकेतांक दिलेले आहेत. तरीही मी पाहिलेल्या कित्येक सरकारी तक्त्यांत संकेतांकाचा स्तंभच नसतो, आणि नावाचे स्पेलिंग दर महिन्याला टंकलेखकाच्या मर्जीने बदलते.

महामारीने हा धडा आपल्याला अतिशय क्रूरपणे दिला होता. १७ जून २०२० च्या राष्ट्रीय आकडेवारीत एका दिवसात २,००३ मृत्यू दिसले. त्यांतील १,३२८ हे महाराष्ट्राने जुळवणी करून जोडलेले जुने मृत्यू होते. १० जून २०२१ रोजी हा आकडा ६,१४८ वर गेला, कारण बिहारने ३,९५१ मृत्यू एकदम नोंदवले. डॅशबोर्डांनी ते त्या त्या दिवसाचे मृत्यू म्हणून रंगवले. घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख हे दोन वेगळे स्तंभ असतात, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीलाही ठाऊक आहे. त्याच काळात कोविड१९इंडिया या संकेतस्थळाच्या स्वयंसेवकांनी नोंदींसोबत स्रोताचे दुवे ठेवले, मूळ माहिती सर्वांना उतरवून घेता येईल अशी खुली केली आणि ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी काम थांबवतानाही आधी पूर्वसूचना दिली. पगार न घेता केलेले हे काम देशभरच्या संशोधकांनी वापरले. जे स्वयंसेवकांना जमले ते कोट्यवधींच्या निविदेत का लिहिले जात नाही?

‘सामान्य माणूस गोंधळेल’ हे उत्तर मला हमखास मिळते. मला हे उत्तर उद्धटपणाचे वाटते. हाच सामान्य माणूस धावफलकावर धावा, गडी, षटके, आवश्यक धावगती आणि पाऊस आला तर डकवर्थ-लुईस एकाच नजरेत वाचतो. त्याला नुसते ‘१८०’ दाखवले तर तो आधी विचारेल, किती षटकांत? किती बाद? नागरिकाला षटके कळतात आणि ‘३७ पैकी ९ केंद्रे’ कळणार नाहीत, असे मानणाऱ्यांना एक तर नागरिक ठाऊक नाही किंवा त्यांना तो प्रश्न नको आहे.

नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तेथे निरीक्षण करणारा प्रत्येक विद्यार्थी पहिली कला शिकतो ती बाद करण्याची. भ्रमणध्वनीचा गोंगाट, बिघडलेली तबकडी, विजेची ठिणगी: अशा प्रत्येक खराब नोंदीवर खूण करायची, ती पुसायची नाही. किती माहिती बाद केली हे शोधनिबंधात लिहायचे. आकाशातील दूरच्या दीर्घिकेविषयी आपण इतके काटेकोर असतो. मग दम्याच्या रुग्णाने आज घराबाहेर पडावे का, हे ठरवणाऱ्या आकड्याला ही शिस्त का नको?

मागण्या फार नाहीत आणि एकही महाग नाही. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती केंद्रांवरून आणि किती तासांवरून आला ते लिहा. रिकामी जागा रिकामीच दाखवा, राखाडी रंगात, कारणासह: वीज, दुरुस्ती, अंशशोधन, संपृक्तता. आकडा मागाहून सुधारला तर जुनाही ठेवा. सूत्र बदलले तर तारखेसह जाहीर करा. तासागणिक मूळ माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात, दर वेळी चित्रातील अक्षरे टिपण्याची अट न घालता द्या. आणि निविदेत तक्त्यांच्या संख्येऐवजी चूक कळवल्यापासून ती दुरुस्त होईपर्यंत किती दिवस लागतील याचे कलम घाला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासांनी आपल्या केंद्रांची माहिती देणे थांबवले, तेव्हा दिल्लीतील एक स्वतंत्र पडताळा गेला. तो परकीय होता म्हणून काहींना आनंद झाला. मला झाला नाही. दुसरे घड्याळ फुटल्याने पहिले बरोबर चालू लागत नाही.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवते. येत्या हिवाळ्यात आपल्या शहरातील केंद्रांची तासागणिक माहिती महिनाभर उतरवून घ्या. रोज दुपारी चारच्या अधिकृत आकड्याच्या वेळी किती केंद्रे बोलत होती ते मोजा. जी केंद्रे गप्प होती त्यांचे आदल्या दिवसाचे मूल्य सरासरीच्या वर होते की खाली, ते पाहा. बिघाड हवेच्या अवस्थेशी निगडित नसतील तर दोन्ही बाजूंना साधारण सारखीच केंद्रे पडायला हवीत. तशी पडली तर तेही लिहा. मंडळाच्या बाजूने उभी राहणारी पहिली मी असेन. नाही पडली, तर माहितीच्या अधिकारात त्या केंद्रांची देखभाल-नोंद आणि अंशशोधनाच्या तारखा मागा. वेळेचा स्तंभ कोणत्या प्रमाणवेळेत आहे, हे मात्र सर्वांत आधी तपासा. माझा तो ट्रकवाला आलेख मी अजून प्रयोगशाळेच्या दारावर लावून ठेवला आहे, विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरातल्या “दुपारी चार?” या प्रश्नासकट.