विश्लेषण : नाल्यात सापडलेला जीवाश्म घरी आणला तर गुन्हा होतो का?

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सिव्हिलच्या एका मित्राने व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. नागपूरकडच्या त्याच्या गावी नाल्याच्या काठावर एक दगड सापडला होता. त्यात गोगलगायींचे छोटे शंख रुतलेले. खाली प्रश्न : ‘घरी नेऊ का? कुणी पकडणार तर नाही ना?’ ग्रुपमध्ये एकालाही उत्तर देता आले नाही. त्याने दगड उचलला. आज तो त्याच्या टीव्हीच्या शेजारी आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला परवा बसलो, तेव्हा लक्षात आले की चूक आमची नव्हती. सरळ उत्तर आपल्या कायद्यातच नाही.

जीवाश्मांसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. आपल्याकडे प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांचा १९५८ चा कायदा आहे, पुरावस्तू व कलानिधींचा १९७२ चा कायदा आहे. पण दोन्ही माणसाचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. मंदिर, लेणी, शिलालेख, मूर्ती, नाणी, हस्तलिखिते यांचा त्यात उल्लेख आहे. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे ‘पुरावस्तू’ ठरते आणि ते परदेशात नेण्यावर बंदी येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या डायनासोरच्या अंड्याचे मात्र त्या व्याख्येत नावही नाही.

मग कुठूनही उचलले तर चालते?

तसेही नाही. सगळे अवलंबून आहे जमीन कोणाची यावर.

जंगल असेल तर १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. त्यात जंगलातला दगड आणि खनिज हाही ‘वनोपज’ आहे. राखीव जंगलातून तो परवानगीशिवाय नेणे गुन्हा. राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा अधिक कडक. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातले घुघवा हे खास वनस्पतींच्या जीवाश्मांसाठीचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून खडाही उचलता येत नाही.

महसुली जमिनीवर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते की खनिजांवर हक्क राज्य सरकारचा. विनापरवाना खोदकाम केले तर ते अवैध उत्खनन. पण नाल्याच्या काठावर सुटा पडलेला, शंख असलेला दगड? त्याबद्दल स्पष्ट असे काहीच लिहिलेले नाही.

थोडक्यात, संरक्षण आहे ते जागेला, जीवाश्माला नाही.

‘राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक’ म्हणजे काय?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, महत्त्वाच्या स्थळांना हा दर्जा देते. जैसलमेरजवळचे आकल आणि हिमाचलमधले साकेती ही जीवाश्म उद्याने या यादीत आहेत. दर्जा मानाचा आहे, पण त्यामागे शिक्षेची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा नाही. प्रत्यक्ष राखण राज्य सरकार आणि स्थानिक यंत्रणा करतील तेवढीच.

एक दगड उचलल्याने असे काय बिघडते?

२०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि डायनासोरची २५६ अंडी यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे डायनासोर एकमेकांच्या जवळजवळ घरटी करत असावेत, हा त्यातला एक निष्कर्ष. तो निघाला, कारण अंडी जिथल्या तिथे होती. तीच अंडी २५६ घरांच्या शोकेसमध्ये गेली असती तर उरले असते फक्त गोल दगड. तारीख आणि लोकेशन पुसलेल्या फोटोसारखे.

दुसरी बाजूही आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमनने १८२८ मध्ये जबलपूरला काही हाडे उचलली. भारतातल्या डायनासोरची ओळख तिथून सुरू झाली. पुढे ती हाडे हरवली. त्यातला शेपटीचा एक मणका २०१२ मध्ये सापडला, तोही कोलकात्यात जीएसआयच्याच संग्रहात! म्हणजे उचलणारा हौशी माणूस नेहमीच खलनायक नसतो आणि सरकारी कपाट नेहमीच सुरक्षित नसते.

इतर देश काय करतात?

अमेरिकेने २००९ मध्ये कायदा करून सरळ विभागणी केली. सार्वजनिक जमिनीवरचे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलायचे नाहीत. शंखशिंपले, पानांचे ठसे असे सर्रास सापडणारे जीवाश्म मात्र जंगल खाते आणि भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक जमिनींवरून स्वतःपुरते, थोडे घेता येतात. विकायचे नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत काहीच उचलायचे नाही. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म राष्ट्राच्या मालकीचे आहेत. त्याच आधारावर ‘उबिराजारा’ या डायनासोरचा जीवाश्म २०२३ मध्ये जर्मनीहून परत आला.

आपल्याकडे काय अडले आहे?

खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळे व भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा आणला. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड अशा तरतुदी त्यात होत्या. सगळे अधिकार जीएसआयच्या हाती एकवटतात, असा आक्षेप संशोधकांनी घेतला. मसुद्याचा कायदा अजून झालेला नाही.

माझे मत स्पष्ट आहे : कायदा हवाच, पण फक्त दंडुका नको. हाडे, अंडी आणि घोषित स्थळे यांना पूर्ण संरक्षण द्या. ओढ्यातला एखादा शंख उचलणाऱ्या शाळकरी मुलाला गुन्हेगार ठरवू नका. आणि शोधणाऱ्याचे नाव नोंदवून त्याला बक्षीस द्या. चंद्रपूरच्या पिसदुऱ्यात डायनासोरची हाडे शेतशिवारात सापडत आली आहेत. तिथे सगळ्यात आधी नजर पडते ती शेतकऱ्याची आणि गुराख्याची. कळवले तर चौकशी मागे लागेल, अशी भीती त्यांना वाटली तर हाड गुपचूप बांधावर फेकले जाईल. त्यात नुकसान आपल्या सगळ्यांचेच.

तोवर तुम्ही काय कराल?

दगड जागेवरच ठेवा. शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा. जवळच्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला किंवा जीएसआयला कळवा. त्यांचे मोठे कार्यालय नागपुरातच आहे.

हे लिहिताना त्या मित्राला फोन केला. विचारले, तो दगड नेमका कुठे सापडला होता? त्याला गाव आठवते. नाला कोणता, ते आठवत नाही.