आश्रमशाळेत रात्री कपाळाला हात कोण लावतो?

डिसेंबर २०२३ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील मजितपूरच्या शासकीय आश्रमशाळेचे सुमारे १२० विद्यार्थी क्रीडास्पर्धा आटोपून परतत होते. त्यांच्यासाठी आणलेले वाहन होते ट्रक! त्यात कोंबलेल्या मुलांचा जीव गुदमरला, काही बेशुद्ध पडली, रुग्णालयात धावाधाव झाली. बातमी गाजली आणि यथावकाश विरली.

ट्रक भरणारी माणसे क्रूर होती, असे मानण्याचे कारण नाही. आपले स्वतःचे मूल आपण या ट्रकमध्ये चढवू का, हा साधा प्रश्न मात्र त्या सायंकाळी कोणाच्या मनात उभा राहिला नाही.

ठक्करबाप्पांनी दाहोद परिसरात भिल्ल मुलांसाठी काम उभारले, तेव्हा 'आश्रम' या शब्दाला अर्थ होता. शिक्षक मुलांसोबत राही, जेवी, झोपे. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला. इमारती वाढल्या, पटसंख्या वाढली. 'आश्रम' मात्र पाटीपुरता उरला. राज्यातील आश्रमशाळांमध्ये दीड दशकात हजाराहून अधिक मुले मृत्युमुखी पडल्याचे २०१६ च्या सुमारास उघड झाले. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने हा विषय अभ्यासून शासनाला अहवाल दिला. या मुलांना ताप, सर्पदंश, कावीळ अशी कारणे होती. अनेकांच्या बाबतीत तर कारणाची नोंदही धड नव्हती. घरी आजारी पडलेल्या मुलाच्या मृत्यूचे कारण आईला ठाऊक नाही, असे सहसा होत नाही.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या वनपट्ट्यात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मलेरिया तेथे नवा नाही, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक कुटुंबांत आहे. अशा मुलाला थंडी, अपुरे पाणी, अतिश्रम वा गुदमरलेली हवा यांपैकी काहीही पुरते. रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्या अडवतात आणि हाडे पिळवटणारी वेदना सुरू होते. डिसेंबरच्या थंडीत गार फरशीवर झोपणे, भर उन्हात धावणे, मग बंदिस्त वाहनातून परतणे: धडधाकट मुलाला हे त्रासाचे, सिकलसेलग्रस्ताला जीवघेणे. त्याला लागते ते काय? भरपूर पाणी, उबदार पांघरूण, वेळच्या गोळ्या आणि त्याचे नाव लक्षात ठेवणारे एक माणूस. पहिल्या तीन गोष्टी निविदेने मिळतात.

सहा वर्षांचे गोंड वा हलबा मूल घर सोडून येते, तेव्हा अनेकदा त्याची बोलीही उंबरठ्याबाहेर राहते. पोटात दुखते, हे मराठीत कसे सांगायचे, हे त्याला ठाऊक नसते. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत मुले घरी पळाली की 'शिक्षणाची गोडी नाही' असा शेरा मारला जातो. वास्तविक ते मूल आईकडे गेलेले असते.

वनवासी क्षेत्रात वसतिगृहे चालविणाऱ्या सेवाभावी संस्थांनीही हीच फूटपट्टी स्वतःला लावून पाहावी. शासनावर टीका सोपी आहे. ध्येयवाद असला म्हणून मच्छरदाणी आपोआप येत नाही. पाहुणे येतात ते दुपारी. स्वागतगीत होते, रांगोळी असते, मुलांचे अंग धुतलेले असते. पाहणी करायचीच असेल तर रात्री नऊनंतर जावे. किती मुलांना गादी आहे, शौचालयाकडच्या वाटेवर दिवा आहे का, मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका मुक्कामाला आहे का, आणि तापलेल्या मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी त्या क्षणी कोणते वाहन उभे आहे, हे तेव्हाच कळते.