सामाईक चूल आणि उघडे दार



सुगी उरकली, धान्य घरात आले, की गावोगाव एक विषय हळूच डोके वर काढतो. तो म्हणजे वाटणीचा. थोरला म्हणतो, वडिलांच्या माघारी घराचा गाडा मी ओढला. धाकटा म्हणतो, माझ्या पगाराचे पैसे तुमच्या विहिरीत गेले, आता माझे मला मोकळे करून द्या. म्हातारी मधल्या मध्ये डोळ्याला पदर लावते. भावकी जमते, पंच बसतात, शेतात साखळी पडते आणि नवा बांध उभा राहतो. चूक कोणाची, हे सांगणे अवघड असते. दोघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे खरे असते.

आपल्या म्हणीसुद्धा दोन्हीकडून बोलतात. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपलीच आणि ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हणही आपलीच. मग माणसाने दहाजणांत मिसळून राहावे, की आपले आपण पाहावे? या प्रश्नावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. आपण मात्र आज शेतकऱ्यांचेच उदाहरण घेऊ. ते दूरचे आहे, पण ऐकताना आपल्याच वाड्यातले वाटेल.

कॅनडा हा देश आपण नकाशात पाहिला असेल. त्याच्या मधल्या भागात मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा असे तीन प्रांत आहेत. नजर पोहोचेल तिथवर सपाट रान आणि गव्हाचे पीक. मूळचे आदिवासी, फ्रेंच, इंग्रज, जर्मन, युक्रेनी अशा नाना जातीच्या लोकांनी हा देश बनला. पुढे आपले पंजाबी शीखही तिकडे गेले. सगळ्यांनी एकच वळण उचलावे असा आग्रह धरायचा नाही, ज्याने त्याने आपली रीत सांभाळावी, असे धोरण पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी १९७१ साली जाहीर केले आणि १९८८ साली त्याचा कायदाही झाला.

या देशात हटराइट नावाचा एक ख्रिस्ती पंथ शेती करून राहतो. उरलेले अमेरिकेच्या साउथ डाकोटा, माँटाना वगैरे राज्यांत आहेत. सगळे मिळून लोक पन्नास हजारांच्या आसपास, आणि त्यांच्या वसाहती ५०० च्या वर. त्यांचा इतिहास हालअपेष्टांचा आहे. १५२८ साली आजच्या चेक देशातल्या मोराव्हिया भागात त्यांच्या पूर्वजांनी वाटेत जमिनीवर एक झगा पसरला आणि ज्याच्याजवळ जे होते ते त्याने त्यावर टाकले. तिथून सामाईक मिळकतीची रीत सुरू झाली. त्यांचा पुढारी याकोब हुटर याला १५३६ साली जिवंत जाळण्यात आले. पुढे हे लोक हंगेरीकडे, तिथून रशियाच्या राज्यात आणि १८७४ पासून अमेरिकेत आले. शस्त्र हाती धरायचे नाही हा त्यांचा धर्म. पहिल्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्यांच्यातले चार तरुण तुरुंगात गेले, त्यांपैकी दोघे सख्खे भाऊ १९१८ साली लष्करी तुरुंगात दगावले. तेव्हा बहुतेक वसाहतींनी गाशा गुंडाळला आणि कॅनडा गाठला. सामाईकपणाची रीतही मध्ये मोडली आणि पुन्हा उभी राहिली. म्हणजे ही माणसे काही देवाघरून एकोपा घेऊन आली नव्हती.

त्यांची राहणी ऐका. जमीन, ट्रॅक्टर, गोठे, घरे, सारे वसाहतीच्या नावाने. कोणाच्या नावावर गुंठाभर रान नाही. स्वयंपाकघर एक. घंटा झाली की मोठी माणसे पंगतीला बसतात, पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला. मुलांची पंगत वेगळी. शेतीचा कारभारी वेगळा, दुभत्या जनावरांचा वेगळा, डुकरांचा वेगळा. त्यांच्यावर खजिनदार आणि धर्मोपदेशक. मजुरी कोणालाच नाही, हातखर्चाला थोडे पैसे मिळतात. उलट आजारपण, म्हातारपण, बाळंतपण, विधवा, पोरके मूल, कशाचीच चिंता एकट्याच्या डोक्यावर नाही. यंत्रांचे त्यांना वावडे नाही. मोठमोठे ट्रॅक्टर आणि दूध काढायची अद्ययावत यंत्रे त्यांच्याकडे असतात.

आपल्याला खरे नवल वाटावे ते त्यांच्या वाटणीचे. वसाहतीत माणसे साधारण दीडशेच्या घरात गेली, की वसाहत दोन करायची. त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा साठवून दुसरीकडे रान घेतात, घरे बांधतात. कुटुंबांचे दोन गट पाडतात. जाण्याची तयारी दोन्ही गटांनी करायची, सामानाची बांधाबांध दोघांनीही करायची आणि अगदी शेवटी चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीत नाव निघेल तो गट नव्या जागी जातो, दुसरा सामान सोडून पुन्हा जागेवर लावतो. जुन्या रानाला धक्का नाही आणि बांधावरून डोकी फुटत नाहीत.

हे ऐकून कोणालाही वाटेल की असेच हवे. पण थांबा. नाण्याची दुसरी बाजू पाहू.

पहिला झगडा बाहेरच्यांशी झाला. शेजारचे शेतकरी कुरकुरू लागले. हे लोक एकजुटीने रान विकत घेतात, आमच्या पोरांनी जायचे कुठे? युद्धाला जात नाहीत, गावच्या बाजारात फारसा माल घेत नाहीत. अल्बर्टा सरकारने १९४२ साली त्यांना जमीन विकायलाच बंदी केली. १९४७ च्या कायद्याने बंधन घातले की नवी वसाहत जुनीपासून ४० मैलांच्या आत नको आणि तिच्याकडे ६,४०० एकरांहून जास्त रान नको. पुढे या अटी थोड्या सैल झाल्या, आणि १९७३ साली तो कायदाच गेला. एका समाजाला वेगळा नियम लावणे देशाच्या नव्या धोरणात बसत नव्हते. मात्र सगळ्यांना सारखा असलेला नियम त्यांनाही चुकला नाही. वाहन चालवण्याच्या परवान्यावर फोटो हवा, असे अल्बर्टाने २००३ साली ठरवले. एका वसाहतीने सांगितले की फोटो काढणे आमच्या धर्मात बसत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. सातांपैकी तिघे न्यायमूर्ती विरुद्ध गेले, यावरूनच प्रश्न किती अवघड होता ते कळते.

दुसरा झगडा घरातला, आणि आपल्याला शिकवणारा हाच. मॅनिटोबातल्या इंटरलेक वसाहतीत काही जणांनी पंथ बदलला. वसाहतीने त्यांना काढून टाकले. त्यांनी न्यायालयात मागितले की आम्ही इथे राबलो, आमचा हिस्सा द्या. १९७० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, हिस्सा नाही. मिळकत वसाहतीची आहे आणि आपले काहीच नाही असे तुम्हीच लिहून दिले आहे. न्यायमूर्ती पिजन यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. माणसाला धर्म पाळायचे स्वातंत्र्य आहे तसे सोडायचेही आहे. धर्म सोडला की रिकाम्या हाताने रस्त्यावर यावे लागत असेल, तर ते स्वातंत्र्य कसले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

लेकसाइड नावाच्या वसाहतीतले प्रकरण तर आणखी बोलके आहे. डुकरांना खाद्य घालायची एक सुधारित गव्हाण निघाली. एका सभासदाचे म्हणणे, ही कल्पना माझी. पण तिचे पेटंट दुसऱ्याच वसाहतीच्या हाती होते आणि लेकसाइडच्या कारभाऱ्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. हा सभासद अडून बसला. त्याला वेगळे जेवायला बसण्याची शिक्षा झाली, ती त्याने मानली नाही. मग त्याला वसाहतीतून बाहेर काढल्याचे जाहीर झाले. वाद १९९२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणाले, आपल्या नियमाप्रमाणे सभासदाला काढण्याचा वसाहतीला अधिकार आहे. पण काढण्यापूर्वी त्याला नीट सूचना द्यायला हवी होती, त्याचे म्हणणे ऐकायला हवे होते. ते झाले नाही, म्हणून त्याला काढणे रद्द.

सूचना आणि सुनावणी. मंडळी, हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आता आपल्या ओसरीवर येऊ. स्वतःच्या अकलेची कमाई कोणाची, हा गव्हाणीचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. एकत्र कुटुंबाच्या पैशाने मुलगा वकील, डॉक्टर झाला, तर त्याची मिळकत सगळ्यांची, असा वाद पूर्वी भावाभावांत चाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९३० च्या कायद्याने ठरले की विद्येच्या जोरावर मिळवलेले ज्याचे त्याचे, मग शिक्षणाचा खर्च घराने केलेला असो. लेकीबाळींचेही तसेच. हटराइट वसाहतीत रीतीप्रमाणे मत पुरुषांनाच असते. आपल्याकडेही वाडवडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि साऱ्या देशात तो २००५ साली आला. कागदावर आला, बहुतेक घरांत अजून उंबऱ्याबाहेरच उभा आहे.

वाळीत टाकण्याचा प्रश्नही आपल्याकडे न्यायालयात गेला. जातपंचायतीने किंवा धर्मगुरूने माणसाला बहिष्कृत करू नये, असा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्माची शिस्त राखण्याचा अधिकार पंथाला आहे, असे बहुमत पडले. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा २०१६ साली मंजूर केला आणि तो २०१७ साली अमलात आला. लग्नकार्याला बोलावणे बंद, दुकान बंद, स्मशान बंद, असले प्रकार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पंथाचा मान आणि माणसाचा मान यांचा मेळ कसा घालायचा, हे कॅनडाला जसे पुनःपुन्हा ठरवावे लागले तसे आपल्यालाही लागले.

तेव्हा सांगायचा मुद्दा असा. त्यांच्याकडे रान अखंड राहिले, पण निघणाऱ्याच्या हाती काही पडले नाही. आपल्याकडे निघणाऱ्याला दार उघडे, वाटणी मागायचा हक्क कायद्याचा. पण त्या दारातून रानाचे तुकडे झाले. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी खातेदाराजवळ ४.२८ हेक्टर रान होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरांवर आले. एवढ्याशा पट्टीत स्वतंत्र विहीर, स्वतंत्र बैल, स्वतंत्र अवजारे कोणाला परवडणार?

दोन्हींच्या मधली वाट आपल्या लोकांना ठाऊक नव्हती असे नाही. सावड आणि इर्जिक म्हणजे दुसरे काय? रान ज्याचे त्याचे, पण नांगरणीला सगळ्यांची औते एका शेतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५० साली सुरू झाला. तिथेही तत्त्व हेच. ऊस आपल्या रानातला, चरक सर्वांचा. सातबारा वेगळा ठेवूनही काम एकत्र करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे जिथे जिथे कारभार चारदोघांच्या मुठीत गेला तिथे सभासदाचे कोणी ऐकेना आणि पुन्हा भागीचे घोडे किवणाने मेले. दोष एकत्र येण्याचा नव्हता. ऐकून न घेण्याचा होता.

म्हणून एकत्र घरात चार गोष्टी पाळून पाहाव्यात. घरचा जमाखर्च वहीत लिहावा आणि ती वही सुनांनाही वाचता यावी. राबणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, बाईच्याही, थोडा हातखर्च असावा. त्याचा हिशेब मागू नये. कोणी नवे पीक, नवा धंदा करू म्हणाला तर त्याला एखादा तुकडा द्यावा आणि नफ्यातोट्याचे आधी ठरवावे. आणि कोणाला वेगळे व्हायचेच असेल तर त्याला गद्दार म्हणू नये. त्याचे सगळे ऐकावे, त्याचा वाटा कागदावर द्यावा, पण विहिरीच्या पाण्याची पाळी, वाट आणि अवजारे सामाईकच ठेवावीत. चूल वेगळी झाली म्हणून मोटारीचे बटण वेगळे करायची गरज नसते.

ज्या घराचे दार आतून उघडता येते, त्या घरात माणसे आपखुशीने राहतात. यंदा वाटणीचा विषय निघण्याआधीच एखाद्या संध्याकाळी जेवणे लवकर आटपून सगळ्यांनी वही घेऊन बसावे. सर्वात धाकट्याने आधी बोलावे आणि थोरल्याने शेवटी.