नाव ओठांवर, माणूस कुठे?

पुतळे उभारले की हुतात्म्यांची आठवण टिकते, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे कळकळीचे आहे. पण ते अर्धेच खरे.

यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह मात्र हाती लागला नाही. माणगावातला त्यांचा पुतळा म्हणूनच हवा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगेचे वेगळे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ पाहत पुढच्या पिढ्याही फौजेत गेल्या आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटले.

वसमतकरांनी दूर कशाला पाहावे? निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यातले हुतात्मा बहिर्जी शिंदे वापटीकर यांचे स्मारक म्हणून इथे महाविद्यालयच उभे आहे. ते वर्दीतले सैनिक नव्हते, पण मरण तेच. प्रवेशाच्या अर्जावर मुले ‘बहिर्जी स्मारक’ लिहितात. त्यांतल्या किती जणांनी बहिर्जींचे वापटी गाव पाहिले असेल? १७ सप्टेंबरचे, मराठवाडा मुक्तिदिनाचे झेंडावंदन उरकून पांगण्याऐवजी पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे न्यावे, जाणत्यांच्या तोंडून ऐकू द्यावे.

आणि सीमेवर गेलेल्या जवानाच्या घरी वर्षश्राद्धानंतरही कोणीतरी जावे. वीरपत्नीला शाल-नारळाहून पेन्शनच्या कागदांसाठी बँकेत सोबत येणारे माणूस जास्त लागते.