वटवृक्ष कोसळण्यापूर्वी

पहाटेच्या अंधारात न्हाणीघराकडे निघालेले आजोबा पाय घसरून पडतात. डोक्याला मार लागतो. पण रक्त येत नाही, शुद्धही हरपत नाही. ‘काही नाही, जरा घसरलो,’ एवढे सांगून ते नित्याप्रमाणे पूजेला बसतात. दोन-तीन आठवड्यांनी जीभ अडखळू लागते, पाय ओढला जातो, नातवाचे नाव आठवेनासे होते. घरचे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात कवटीखाली साचलेले रक्त मेंदूवर दाब देत असते.

वयोमानाने मेंदू आक्रसतो आणि त्याला आवरणाशी जोडणाऱ्या नाजूक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्या फाटू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास धोका अधिकच वाढतो. वेळीच सीटी स्कॅन झाले, तर कवटीला लहानसे छिद्र पाडून हे रक्त काढता येते आणि पुष्कळ वृद्ध पुन्हा हिंडूफिरू लागतात. म्हणजेच अनेकदा घात होतो तो आजारापेक्षा ‘वय झाले’ या दोन शब्दांनी.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते. त्यांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे ५ लाख रुपयांपर्यंतचे कवच मिळाले. हे स्वागतार्हच आहे. परंतु शासन रुग्णालयाचे देयक भरू शकेल. न्हाणीघरातला दिवा घरच्यांनीच लावायचा असतो.

कुटुंबव्यवस्थेचा अभिमान व्यासपीठावरून मिरवणाऱ्यांनी येथे प्रथम आत्मपरीक्षण केले पाहिजे. आजी-आजोबा जातात तेव्हा केवळ एक व्यक्ती जात नाही. मुखोद्गत स्तोत्रे, कुळाचार, घराण्याच्या आठवणी आणि नातवंडांचा पहिला गुरुकुलवासही संपतो.

उपाय साधे आहेत. न्हाणीघरात आधाराची दांडी, खडबडीत फरशी, रात्रीचा मंद दिवा, वाटेतल्या सतरंज्यांना रजा. डोक्याला मार लागल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला, आणि पुढील काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष. कार्यकर्त्यांनी वस्तीतील एकट्या वृद्धांच्या घरी संपर्काला जाताना एवढे पाहिले, तरी अनेक घरांचे छत्र टिकेल.

वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवणे हा संस्कार आहेच. त्या पायांखालची फरशी कोरडी ठेवणे, हाही संस्कारच होय.