पांढऱ्या शिरेचा हिशेब

पोलादाच्या उत्पादनाचे आकडे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जातात. भट्टीच्या आतल्या विटेविषयी मात्र कोणी बोलत नाही. वितळलेले पोलाद आणि चुनायुक्त मळी यांना तोंड देणारी ही वीट मॅग्नेशियाची असते, आणि मॅग्नेशिया मिळतो मॅग्नेसाइट भाजून. तामिळनाडूत सेलमजवळच्या ‘चॉक हिल्स’ या टेकड्यांत हा दगड सापडतो. (नावात खडू असला तरी तेथे खडू नाही, साहेबाला पांढरे दिसले, एवढेच.)

या टेकड्यांचा मूळ खडक ड्युनाइट. मॅग्नेशियमने समृद्ध अशा त्या खडकाच्या भेगांत कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी झिरपले, ऑलिव्हिन हे खनिज विघटित झाले, आणि पांढऱ्या मॅग्नेसाइटच्या शिरांचे जाळे तयार झाले. सुटी झालेली सिलिकाही तेथेच साचली. सारा प्रश्न येथून सुरू होतो. शिरा बारीक, खडक अफाट. थोड्या मालासाठी पुष्कळ टेकडी फोडावी लागते, आणि सिलिका राहिली तर विटेची उष्णता सोसण्याची शक्ती घटते. म्हणून दगड निवडून घ्यावा लागतो. ही निवड दीर्घकाळ हातांनीच झाली. शुद्ध मालाची किंमत म्हणजे बव्हंशी मजुरीच होय. पण बाजार ती दगडाची किंमत मानतो.

चीनमधून मॅग्नेशिया येतो तेव्हा सेलमचा माल ‘परवडत नाही’ असे म्हटले जाते. परवडत नाही, ते कोणाला? कामगाराची फुप्फुसे, उघडे खड्डे आणि टाकाऊ खडकाचे ढीग कोणत्याच भावात धरलेले नसतात, येथे नाहीत आणि तेथेही नाहीत. भट्टीचा धूरही धरलेला नसतो. शुद्ध मॅग्नेसाइट भाजला की त्याच्या वजनाचा सुमारे 52 टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो; भूगर्भाने युगानुयुगे कोंडलेला वायू आपण काही तासांत मोकळा करतो. जळणाचा वायू वेगळाच.

1979 साली तामिळनाडू सरकारने या खनिजासाठी ‘तामिळनाडू मॅग्नेसाइट लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. सार्वजनिक मालकीचा तो निर्णय योग्यच होता; परंतु मालकी सार्वजनिक झाल्याने हिशेबाची वही आपोआप बदलत नाही. ढिगातला ड्युनाइट लोहभट्टीत द्रावक म्हणून चालतो, त्याला गिऱ्हाईक मिळवून द्यावे. खड्डे बुजवण्याची रक्कम टनामागे आधीच बाजूला काढावी. कंत्राटी मजुराला कायम कामगाराइतकेच वेतन द्यावे. मग दगड महागेल, वीट महागेल आणि पोलादही थोडे महागेल. तो भार पोलाद वापरणाऱ्यांनी उचलावा. आजवर तो टेकडीखालच्या वस्त्यांनी उचलला आहे.