मापात ‘पर्यंत’

वाण्याच्या दुकानात तराजूचा काटा स्थिर होईस्तोवर नजर न हलवणारी माणसे आपण. भाजीवाल्याने पारड्याला नुसते बोट लावले तरी घरातल्या आजीच्या ते लक्षात येत असे आणि मग त्याची काही धडगत नसे. मापात पाप हा आपल्याकडे फार जुना आणि निंद्य मानलेला गुन्हा आहे. म्हणूनच पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागता येते. गॅसचा सिलिंडर दारात आला की त्यात १४.२ किलो गॅस आहे की नाही हे वजन करून घेता येते. विजेचे बिल आले की जाणता माणूस रकमेच्या आधी मागचे आणि चालू रीडिंग पाहतो. वजनेमापे तपासणारे एक सरकारी खातेच आहे आणि त्याचा शिक्का नसलेला तराजू दुकानात ठेवता येत नाही.

अशा काटेकोर घरांत आता एक वस्तू दरमहा विकत घेतली जाते आणि तिचे माप मात्र कोणीच घेत नाही. ती म्हणजे घरगुती ब्रॉडबँड. महिन्याला पाचसहाशे ते हजारभर रुपये, वर १८ टक्के जीएसटी. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर सवलत, म्हणून तेही आपण भरून टाकतो. आणि मग रात्री जेवणे आटोपून घरातली मंडळी आपापल्या पडद्यासमोर बसली की ते गोल चक्र फिरू लागते.

जाहिरातीत १०० एमबीपीएस हा आकडा वीतभर असतो आणि त्याच्या शेपटाला, चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्या अक्षरांत, ‘पर्यंत’ हा शब्द चिकटवलेला असतो. हे शब्दयोगी अव्यय तसे निरुपद्रवी. शाळेत आपण ‘घरापर्यंत’, ‘संध्याकाळपर्यंत’ अशी त्याची उदाहरणे घोकली. पण करारात शिरले की ते भलतेच समर्थ होते. शंभरही शंभरपर्यंतच येतात, साठही येतात आणि अकराही. उद्या दूधवाला दारात उभा राहून म्हणाला, ‘वहिनी, आजपासून एक लिटरपर्यंत दूध घालीन, पैसे मात्र पूर्ण लिटरचे,’ तर त्याचे काय होईल हे सांगायला नको. ब्रॉडबँडवाल्याला मात्र आपण वर्षाचे पैसे आगाऊ देतो!

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तक्रार करताना तो नडतो. एमबीपीएसमधला ‘बी’ हा बिटचा आहे आणि आपण सिनेमा किंवा फोटो मोजतो ते बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने धावली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. यात लबाडी काही नाही, तारेवरचा वेग बिटमध्ये मोजण्याची रीत जुनीच आहे. फक्त ही गोष्ट विक्रेता ग्राहकाला कधी आपणहून समजावून सांगत नाही, एवढेच.

मग वेग जातो कुठे? सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पन्नास घरांना मिळून एक टाकी आणि एक मुख्य पाइप. सगळेजण एकाच वेळी नळ सोडणार नाहीत या भरवशावर त्या पाइपचा व्यास ठरलेला असतो. ब्रॉडबँडचे तसेच आहे. कंपनी प्रत्येक घराला शंभराचा नळ विकते, पण मागची मुख्य वाहिनी सगळ्या नळांच्या बेरजेइतकी नसते आणि नसणारच. हा हिशोब नसता तर घरगुती इंटरनेट कोणालाच परवडले नसते, तेव्हा त्याबद्दल कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे वाटप घरगुती ग्राहकांसाठी पन्नासास एक आणि व्यावसायिकांसाठी तिसास एक असे सांगितले होते. प्रश्न वाटपाचा नाही. वाटेकरी वाढत जातात, नवी बिल्डिंग उभी राहते, तिथेही त्याच वाहिनीतून नळ दिले जातात आणि मुख्य पाइप मात्र तोच राहतो, हा आहे. रात्री नऊ वाजता क्रिकेटचा सामना, मालिका, मुलांचे खेळ आणि परदेशातल्या लेकाशी बोलणे हे सगळे एकदम सुरू होते. मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अख्खा दिवसच रात्रीच्या नऊसारखा झाला. एकाच घरात वडिलांची मीटिंग, मुलीचा वर्ग आणि मुलाची परीक्षा असे सगळे चालू होते, ते दिवस कोण विसरेल?

आमच्या घरचा प्लॅन १०० चा आहे. मी चौदा दिवस वहीत नोंद ठेवली. वायफायवर नव्हे, कंपनीच्या डब्यातून निघालेली केबल थेट लॅपटॉपला जोडून. सकाळी सहाला ९२ ते ९५. दुपारी दोनला सत्तरच्या आसपास. रात्री साडेनऊला १८ ते २५, आणि एका रविवारी ११. सकाळी सहाला मला इंटरनेटचे काय काम असते हे विचारू नका. त्या वेळी मी दूध तापवत असतो.

तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तंत्रज्ञ आला. वीसबावीस वर्षांचा, विनयशील मुलगा. त्याने केबल जोडली, मोबाइलवर चाचणी केली आणि आनंदाने म्हणाला, ‘काका, बघा, ९६ येतंय.’ मी म्हटले, ‘अरे, रात्री साडेनऊला ये आणि मग बघ.’ तो म्हणाला, ‘माझी ड्यूटी सहाला संपते, काका.’ त्याच्या हातातल्या कागदावर त्या दिवशीच्या अकरा तक्रारी होत्या. त्याला काय बोलणार? संध्याकाळी कंपनीचा संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’ शिवाय ती चाचणी कंपनीच्याच जाळ्यात बसवलेल्या सर्व्हरशी केलेली होती. म्हणजे टाकीखालच्या तोटीला बादली लावायची, पाणी धो धो आले म्हणायचे आणि चौथ्या मजल्यावरच्या नळाचे विचारायचेच नाही.

आता ग्राहकांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. अनेक घरांत दोष लाइनचा नसतोच. राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून टीव्हीच्या मागे नाहीतर कपाटात ठेवतात. काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडून आतल्या खोलीत वेगाचा चतुर्थांश पोहोचला तरी नशीब. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर शेजारच्या दहा घरांचे राउटर एकमेकांच्या आवाजात बोलत असतात. पाचच्या पट्ट्यावर गर्दी कमी, पण तो भिंतींना बुजतो. जुन्या राउटरचे केबलचे तोंडच १०० चे असेल तर २०० चा प्लॅन घेऊन उपयोग शून्य. तेव्हा केबल जोडून मोजल्याशिवाय भांडायला जाऊ नये. पण केबल जोडून, वेळ लिहून, चौदा दिवस मोजल्यावर जे उरते ते आपल्या भिंतींचे पाप नव्हे.

आणि हे सारे नुसते मालिका अडकण्यापुरते असते तर मी रविवारची सकाळ त्यावर खर्च केली नसती. आमच्याच मजल्यावर एक बाई घरून काम करतात. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले तपासण्याचे काम, त्यामुळे त्यांचा दिवस आपल्या रात्री आठला सुरू होतो. नेमका गर्दीचा वेळ. एका महिन्यात तीनदा काम चालू असताना त्या बाहेर फेकल्या गेल्या आणि वरिष्ठांनी लेखी समज दिली. घरात मिळवत्या त्या एकट्याच. त्यांनी कंपनीला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘मॅडम, तुम्ही २०० चा प्लॅन घ्या.’ त्यांनी घेतला. मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘काका, २०० घेऊनही रात्री पंचवीसच येतात हो.’ येणारच. मुख्य पाइप तोच असताना तोटी मोठी लावून पाणी कसे वाढेल?

माझ्या मते या धंद्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. विकलेले कमी भरले तर त्यावरचा उपाय म्हणून आणखी विकायचे! किलोला सातशे ग्रॅम देणारा वाणी जर म्हणाला, ‘मग दोन किलो घ्या ना,’ तर आपण दुकान बदलतो. इथे दुकानही बदलता येत नाही, कारण पुष्कळ इमारतींत एकाच केबलवाल्याला किंवा एकाच कंपनीला आत येऊ दिलेले असते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे मात्र नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा फोनच्या तारेवरून किर्र आवाज करत येणाऱ्या त्या वेगाला कोणी ब्रॉडबँड म्हटले नसते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस ही व्याख्या केली. २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये दोन एमबीपीएस. शंभर विकणाऱ्या कंपनीने दोन दिले तरी ते व्याख्येप्रमाणे ‘ब्रॉडबँड’च ठरते, हा भाग निराळा. २००६ च्या सेवादर्जा नियमांत मात्र एक चांगले कलम होते. कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा वेग करारातल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक असला पाहिजे, असे ते सांगत असे. ठरावीक वापरानंतर वेग उतरवण्याची पद्धत होती, तिच्याबाबत २०१६ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावले की तो ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही आणि ग्राहकाला आधी कळवले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये २००६ च्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले.

पण नियमांचा सारा डोलारा सरासरीवर उभा असतो. कंपनी आपल्या विभागाची आकडेवारी सादर करते, त्यात सकाळी सहाचे माझे ९५ आणि रात्रीचे ११ गुण्यागोविंदाने नांदतात. सरासरीने नदी पार करायला निघालेल्या माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शिवाय ट्राय एकट्यादुकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. त्यासाठी आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि मग कंपनीचेच अपील प्राधिकारी. लाइन अनेक दिवस बंद राहिली तर भाड्यात सूट मिळण्याची कल्पना नियमांना परकी नाही. रोज रात्री तीन तास ती अर्धमेली असते त्याची सूट कोणी मागायची?

ब्रिटनमध्ये या ‘पर्यंत’चा बंदोबस्त ज्या रीतीने झाला ती पाहण्यासारखी आहे. तिथेही जाहिरातींत हाच शब्द होता, आणि दहा टक्के ग्राहकांना तो वेग मिळाला तरी जाहिरात चालत असे. २३ मे २०१८ पासून जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या तिथल्या मंडळाने नियम बदलला. रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत निदान निम्म्या ग्राहकांना मिळतो तोच वेग जाहिरातीत सांगायचा. जाहिरातींतले आकडे त्यामुळे खाली आले. पुढे २०१९ पासून तिथल्या नियामकाच्या संहितेत सामील झालेल्या कंपन्यांनी मान्य केले की, कबूल केलेला किमान वेग महिनाभरात सुधारला नाही तर ग्राहकाला दंडाशिवाय करार मोडता येईल. कंपन्या बुडाल्या नाहीत.

आपल्याकडे हे अवघड का असावे? घरात बसवलेला तो लुकलुकणारा डबा बहुधा कंपनीचाच असतो आणि कंपनी तो दुरूनच तपासते, बंद करते, चालू करते. बिल थकले तर क्षणात वेग तोडणाऱ्या यंत्रणेला रात्री साडेनऊचा वेग मोजता येत नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. माझे मागणे एवढेच आहे की दर महिन्याच्या बिलावर, विजेच्या बिलावर रीडिंग असते तसा, त्या जोडणीचा रात्री आठ ते अकरामधला मोजलेला वेग छापावा, मोजणी कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरशी व्हावी आणि जेवढा वेग कमी तेवढी आकारणी कमी व्हावी. जाहिरातीत मग ‘पर्यंत’ लिहायचे तर खुशाल लिहावे.

तोवर वही ठेवावी. तारीख, वेळ, केबल जोडलेली होती की नाही आणि आकडा. तक्रारीचा क्रमांक त्याच पानावर. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे नुसते ‘फार स्लो आहे हो’ म्हणून भागत नाही, नोंद लागते. आमच्या मजल्यावरच्या बाईंनीही आता वही घातली आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांनी. पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा आहे. दुसऱ्या कंपनीला इमारतीत तार टाकू द्यायची की नाही हा विषय मी लेखी दिला होता. विषयपत्रिकेत तो सातवा लागला आहे, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीनंतर आणि पार्किंगच्या आधी. पार्किंगच्या आधी आहे म्हणजे चर्चा होईल.